खातं माझं, ओटीपी वन्संचा

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. ज्या बाईनं चाळीस-चाळीस भुकेल्या पुरुषांची खानावळ एकटीनं चालवली, महिन्याचे पैसे बुडवू पाहणाऱ्यांना नुसत्या नजरेनं खाली बसवलं, तिला स्वतःचं बँकेतलं एक खातं सांभाळता येणार नाही? हात्तिच्या! असं मी माझ्या लेकाला जेवणाच्या टेबलावर ठणकावून सांगितलं. सांगताना हातातला डाव पातेल्यावर असा आपटला, की सूनबाईनं दचकून आपला पाण्याचा ग्लास धरून ठेवला.

झालं होतं असं. मी लेकाकडे परदेशात राहायला आले त्याला आता बराच काळ लोटला. येताना तिकडचं घर बंद केलं, खानावळीची जागा भाड्यानं दिली, आणि ते भाडं मुकाट्यानं माझ्या खात्यात जमा होत राहिलं. मी काही त्याला हात लावला नाही. खातं म्हणजे काय तान्हं मूल आहे, सारखं उचलून बघायला? पण बँकेचं म्हणणं निराळं. बँकेचा निरोप आला, की खातेदारानं स्वतः होऊन बऱ्याच दिवसांत काही व्यवहार केलेला नाही, तरी महिनाअखेरपर्यंत एखादा करावा, नाहीतर खातं बंद पडेल.

लेक लगेच म्हणाला, "आई, माझं नाव घालूया तुझ्या खात्यात. मी बघत जाईन सगळं."

आता लेक माझा गुणाचा आहे. पण त्याचं 'मी बघत जाईन' मला चांगलं ठाऊक आहे. त्यानं माझा चष्मा बघायला घेतला, तर फ्रेम जाऊन दुसरीच आली. माझी खोली बघायला घेतली, तर माझी ट्रंक तळघरात गेली. उद्या खातं बघायला घेतलं, की मी हातखर्चाला त्याच्यापुढे हात पसरायचा आणि वर त्यानं विचारायचं, "कशाला हवेत?" या जन्मात मी कुणाला हिशेब दिला नाही. याच्या बापालासुद्धा नाही!

"काही गरज नाही," मी म्हणाले. "महिनाअखेरच्या आत मी एकटी, माझ्या हातानं व्यवहार करून दाखवते. नाही जमलं तर घाल तुझं नाव. मोठ्या अक्षरात घाल!"

"ठरलं?"

"ठरलं म्हणजे ठरलं!"

सूनबाईनं हळूच विचारलं, "पण आई, तुमचा ओटीपी येतो कुठे?"

माझी सून कमी बोलते, आणि जे बोलते ते नेमकं दुखऱ्या जागी. मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि भांडी उचलायला लागले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. ओटीपी म्हणजे बँक दर वेळी फोनवर एक आकडा धाडते. तो आकडा दिला तर दार उघडतं. पण त्या आकड्याचा जीव फार लहान. चहा उतू जायला लागतो तेवढा वेळ जगतो आणि मरतो. माझा आकडा यायचा माझ्या तिकडच्या नंबरावर. तो नंबर इकडे चालत नाही, म्हणून निघताना मी माझा जुना फोन वन्संच्या, म्हणजे आमच्या यांच्या थोरल्या बहिणीच्या, हवाली करून आले होते. शेजारणीकडे घराची किल्ली ठेवावी तसा. वन्संच्या हाती दिलेली वस्तू सुरक्षित राहते यात शंकाच नाही. ती परत मिळते का, हा प्रश्न वेगळा.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेली. मी चष्मा पुसला, लेकाचा जुना टॅब साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, आणि तिकडच्या बंद घराचं विजेचं बिल भरायला बसले. दुसऱ्या हातात फोन. तो आधीच वन्संना लावून ठेवला. युद्धाला निघालेल्या राणीचीसुद्धा एवढी तयारी नसेल! बटण दाबलं. 'ओटीपी पाठवला आहे.'

"वन्सं, आकडा आला का?"

"कोण बोलतंय?"

"मी! वहिनी!"

"अगंबाई, वहिनी! आज बरी आठवण झाली आमची!"

"वन्सं, त्या दुसऱ्या फोनवर आकडा आलाय, तो वाचा!"

"बरी आहेस का, म्हणून तरी विचारायचंस. माझा गुडघा—"

"गुडघा नंतर! आधी आकडा!"

"नंतर? बरं बाई. माझा गुडघा बसेल रांगेत!"

आकडा मेला.

दुसऱ्यांदा पाठवला. आता कळलं, की फोन कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे. का? तर, "तूच म्हणाली होतीस ना, नीट सांभाळा? मग मी काय अंगणात वाळत घालू?" वन्सं कपाटाकडे निघाल्या. मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. फट्... फट्... एवढ्या वेळात मी इकडून चालत पोचले असते!

दुसराही आकडा गेला.

तिसऱ्या वेळी मात्र फोन वन्संच्या हातात होता, चष्मा नाकावर होता. मला वाटलं, जिंकले!

"आला गं, आला!" वन्सं म्हणाल्या. "वाचते. 'प्रिय ग्राहक...'"

"ते सोडा. नुसता आकडा!"

"मधूनच कसं वाचू? 'प्रिय ग्राहक, आपला ओटीपी खालीलप्रमाणे आहे. हा कोणालाही सांगू नये.'"

"वन्सं?"

"अगं, इथे लिहिलंय, कोणालाही सांगू नये."

"अहो, मी कोणी आहे का? खातं माझं आहे!"

"तसं लिहिलेलं नाही इथे. 'वहिनी सोडून' असं म्हटलं असतं, तर सांगितला असता. उद्या पोलीस माझ्या दारात आले, तर तू येणार आहेस का तिकडून धावत?"

मग मी थोडी बोलले. फार नाही. खानावळीत कुणी ताटात अन्न टाकलं की बोलायची, तेवढंच. पण वन्संनी फोन ठेवला, आणि टॅबवर लाल अक्षरात आलं, की आपला प्रवेश थांबवण्यात आला आहे. साखरेचा डबा माझ्याकडे बघत होता. मी त्याला कपाटात ठेवून दिला.

संध्याकाळी लेकानं विचारलं, "आई, बिल भरलंस?"

"काय घाई आहे? वीजवाले पळून चाललेत का?"

मग एक दिवस मध्ये जाऊ दिला आणि सरळ बँकेलाच फोन लावला. इंटरनेटवरून लागतो तो. बराच वेळ बासरी ऐकवली, मग एक कोवळ्या आवाजाची मॅडम आली. मी ताठ मानेनं माझं नाव, खाते क्रमांक, जन्मतारीख सांगितली.

"अहो आजी, बोला ना!" मॅडम एकदम गोड झाली. "सकाळीच तर आपलं बोलणं झालं!"

आजी! मी तिची आजी कधी झाले, कुणास ठाऊक. पण काम माझं होतं, म्हणून गिळलं. "माझं? सकाळी?"

"विसरलात का? मी तुमच्या नंबरावर फोन केला नव्हता का? तीन ओटीपी वाया गेले म्हणून? मग तुम्हीच तर सांगितलंत, की परदेशातून एक बाई फोन करून ओटीपी मागते म्हणून."

माझ्या खात्यावर चोर! आणि बँकेला कळतं, मला नाही!

"कोण ती सटवी?" मी ओरडले. "माझ्या घामाच्या पैशावर डोळा ठेवते? हात झडोत मेलीचे! चुलीपुढे उभी राहून माझ्या पोटऱ्या सुजल्या, आणि ही आयतोबीण बसल्या जागी आकडे मागते? सोडू नका हो तिला! पोलिसात द्या! चांगली खडी फोडायला पाठवा!"

"हो आजी, तीच प्रक्रिया सुरू आहे," मॅडम म्हणाली. "खातं आम्ही गोठवलंय, काळजी करू नका. तुम्ही दिलेलं वर्णन आम्ही नोंदवून घेतलंय. आवाज ताशासारखा. बोलण्याची पद्धत उद्धट. ख्यालीखुशाली न विचारता थेट आकडा मागते. समोरच्याच्या दुखण्याखुपण्याची कदर नाही..."

मी हळूहळू खुर्चीवर बसले.

"गुडघ्याबद्दल काही म्हणाली का ती?" मी विचारलं.

"हो! गुडघा नंतर, असं म्हणाली म्हणे. तुम्हीच नाही का सांगितलंत?"

खरं बोलायची मला खोड आहे, ती इथे नडली.

"मॅडम," मी म्हणाले, "ती बाई मीच."

पलीकडे कागद पडल्याचा आवाज आला. मॅडमचा आवाज पार बदलला. आजी गेली, 'बाई' आली. "म्हणजे, बाई, तुम्ही कबूल करताय?"

"कबूल काय करायचंय? खातं माझंच आहे!"

"आत्ताच तुम्ही म्हणालात, तिला पोलिसात द्या."

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं, ती मी आहे म्हणून!"

यावर मॅडमनं मला लाइनवर थांबायला सांगितलं आणि पुन्हा बासरी लावली. मी फोन बंद करून टाकला. म्हटलं, बासरी ऐकताना पकडून न्यायचे!

वन्संना फोन लावला. मी काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुझ्या बँकेतून फोन आला होता. फार गोड मुलगी आहे. तिनं आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली!"

"वन्सं, तुम्ही तिला 'एक बाई' म्हणालात? माझं नाव का नाही सांगितलंत?"

"काय बोलतेस!" वन्संना खरोखरच धक्का बसला. "घरातल्या सुनेचं नाव घेऊन परक्या माणसाला सांगू, की आमची वहिनी माझ्यावर खेकसते म्हणून? काय अब्रू राहिली असती घराची? म्हणून म्हटलं, असते एक बाई. तुझंच झाकलं, आणि वर मलाच विचारतेस?"

आता सांगा, कुणाचा जीव घ्यायचा? आणि मॅडमनं वन्संना खातेदार समजून सगळं विचारलं, तेव्हा 'ती मी नव्हे' असं एक अक्षर यांनी काढलं नाही. का? "तिनं विचारलंच नाही!"

लेकाला सांगावंच लागलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त बँकेशी बोलून घेतलं आणि सांगितलं, की आता दोनच वाटा आहेत. बँकेच्या शाखेत एखाद्या जवळच्या नातलगानं जाऊन बसायचं, इकडून आईनं व्हिडिओवर यायचं, आणि त्या नातलगानं बघून सांगायचं, की हीच ती. नाहीतर लेक पुढच्या महिन्यात कामानिमित्त तिकडे चाललाच आहे, तो शाखेत जाऊन सह्या करून आपलं नाव घालून येईल.

"दुसरी वाट सोपी आहे, आई," तो म्हणाला.

"माझ्या आयुष्यात सोपी वाट आली कधी?" मी म्हणाले, आणि खोलीत जाऊन दार लावून वन्संना फोन केला. मी गुडघ्याची चौकशी केली. मग दुसऱ्या गुडघ्याची केली. पाठीची, झोपेची, शेजारणीच्या भांडखोर सुनेची, सगळ्यांची केली. इतकी नम्र मी लग्नाच्या बोहल्यावरसुद्धा नव्हते. शेवटी वन्सं म्हणाल्या, "बघते. गुडघ्यानं परवानगी दिली तर जाईन."

व्हिडिओचा दिवस आला. सूनबाई म्हणाली, "आई, बँकेसमोर जरा नीटनेटक्या दिसा." तिनं माझे केस चापूनचोपून वळवले, ओठांना काहीतरी लावलं, चष्म्यावर उजेड चमकतो म्हणून चष्मा काढून ठेवला आणि आपला काळा कोट माझ्या अंगात चढवला. आरशात बघितलं, तर एखादी निवृत्त मुख्याध्यापिका उभी! शाळा माझी चौथीत सुटली, पण कोट घातल्यावर कोण विचारतं?

लेकानं कामावर जाताना बजावलं. "आई, फक्त हो आणि नाही. तिसरा शब्द नको. ती बँक आहे, तुझी खानावळ नाही."

दोघं गेली. टॅबवर मॅडम दिसायला लागली, पोरगेलीशीच होती. तिच्या शेजारी खुर्चीत वन्सं. पदरानं घाम टिपत होत्या. त्यांच्या मांडीवर तो माझा जुना फोन, रुमालात गुंडाळलेला. मला एकदम भरून आलं. एवढ्या उन्हात आल्या बिचाऱ्या! पण तिसरा शब्द नको म्हणून गप्प बसले.

"आत्या," मॅडम वन्संना म्हणाली, "या तुमच्या वहिनी का?"

आत्या! मला 'बाई', आणि त्यांना आत्या!

वन्संनी चष्मा सावरला. स्क्रीनला नाक लावून बघितलं. मागे झाल्या. पुन्हा बघितलं.

"नाही बाई," त्या म्हणाल्या.

"काय?" मॅडम आणि मी एकदमच.

"नाक तिचंच वाटतं. पण आमची वहिनी अशी रंगवलेली नसते. आणि हा कोट कुणाचा? त्यातून ही केव्हाची गप्प बसलीय. आमची वहिनी गप्प? झोपेतसुद्धा नसते."

मॅडमनं माझा बँकेतला फोटो काढून शेजारी धरला. तो फोटो कधीकाळी घाईत काढलेला, त्यात मी फरार गुन्हेगारासारखी दिसते. मॅडमनं एकदा फोटोकडे बघितलं, एकदा मुख्याध्यापिकेकडे. "बाई, आपण यांच्या वहिनी आहात का?"

"हो," मी म्हणाले.

"आपण ओटीपी मागण्यासाठी दमदाटी केलीत का?"

"नाही," मी म्हणाले. आता हो म्हणायला हवं होतं, पण दोनातला चुकीचा शब्द निघाला.

"बघा!" वन्सं म्हणाल्या. "खोटंही बोलते. आमची वहिनी तोंडावर चार शिव्या देईल, पण खोटं बोलायची नाही."

मॅडम पेन उचलून काहीतरी लिहायला लागली. संपलं! माझं खातं, माझी खानावळ, माझी सुजलेली मनगटं, सगळं आता लेकाच्या नावाखाली जाणार. डोळ्यांसमोर ती ट्रंक दिसली, तळघरात पडलेली. मी लेकाची शिकवणी आठवून ओठ घट्ट मिटून बसले.

तेवढ्यात वन्सं खुर्चीत मागे रेलल्या आणि सहज बोलल्यासारखं मॅडमला म्हणाल्या, "तसं ते खातं खरं म्हणजे आमच्या आईच्या पुण्याईचं. खानावळ आमच्या आईनं उभी केली. वहिनी आपली वाढायला असायची, एवढंच."

पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही. कोटाचं वरचं बटण तुटून टॅबवर आपटलं, एवढं आठवतं. "वाढायला?" मी गरजले. "कुणी म्हटलं वाढायला? तुमच्या आईनं त्या चुलीत एक लाकूड घातलं नाही! पहाटे उठून परातभर कणीक मळायला तुमची आई येत होती, का तुम्ही? तुम्ही माहेरपणाला यायचात त्या पंगतीला बसायला, आणि जाताना डबा भरून न्यायचात! तो पितळी डबा अजून परत आलेला नाही, वन्सं! झाकणासकट!"

मॅडमच्या मागे दोघं-तिघं येऊन उभे राहिले होते.

वन्सं मॅडमकडे वळल्या. चेहरा अगदी तृप्त. "हीच. लिहून घ्या. आमची वहिनी."

"ओळख पटली," मॅडम घाईघाईनं म्हणाली. शिक्का मारल्याचा आवाज झाला. मागच्यांपैकी कुणीतरी टाळी वाजवली.

"वन्सं," मी म्हणाले, अजून धापा टाकत, "हे मुद्दाम बोललात ना तुम्ही?"

"मग? तुला बोलती करायला दुसरा उपाय होता का? एवढा गुडघा घेऊन आले, ती तुझं खातं बुडवायला का? पण डबा मात्र मी परत दिलाय हं."

दिलेला नाही. पण त्या दिवशी मी सोडून दिलं.

मॅडम आता पुन्हा आजी म्हणायला लागली होती. "आजी, हा सगळा घोळ नंबरामुळे झाला. आपण तुमचा परदेशातलाच नंबर खात्याला लावून टाकूया. मग ओटीपी थेट तुमच्या हातात. कुणाला विचारायला नको, कुणाला मागायला नको. सांगा नंबर."

कुणाला विचारायला नको! माझी छाती कोटासकट फुगली. मी घडाघडा नंबर सांगितला. एकदाही अडखळले नाही. कुठे बघायला लागलं नाही. मॅडम म्हणाली, "वा आजी, काय पाठांतर आहे!" वन्सं म्हणाल्या, "तशी हुशार आहेच ती." वन्संच्या तोंडून हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले.

दुपारी विजेचं बिल भरायला बसले. बटण दाबलं. 'ओटीपी पाठवला आहे.' फोन हातात धरून बसले. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. म्हटलं, एवढ्या लांबून यायचं, लागणारच वेळ.

संध्याकाळी लेक घरात आला तोच मोबाईल पुढे धरून. बूटसुद्धा काढले नाहीत.

"आई, तुझी बँक मला 'प्रिय श्रीमती' म्हणते. दुपारपासून तीन आकडे आलेत. सगळ्या मीटिंगनं बघितले."

मी बघितलं. नंबर बघितला. आणि मग लक्षात आलं. अहो, मला पाठ असलेला नंबर एकच, लेकाचा! रात्रंदिवस तोच फिरवते. माझा स्वतःचा कुठून पाठ असणार? मी काय स्वतःला फोन करून विचारते, जेवलीस का म्हणून?

"मुद्दामच दिला तुझा," मी मान ताठ ठेवून म्हणाले. "तेवढाच तुला मान."

सूनबाई मागे वळून भांडी घासायला लागली. तिचे खांदे हलत होते, आणि नळ बंद होता.

बिल भरलं त्या रात्री, माझ्या हातानं, माझ्या खात्यातून. पैज मीच जिंकले, हे लेकानंही कबूल केलं. खात्यावर नाव फक्त माझं आहे. आता तो नंबर तेवढा बदलायचा राहिलाय. बँक म्हणते, सोपं आहे, एक बटण दाबायचं, लगेच एक ओटीपी येतो. तो येतो लेकाच्या फोनवर. आणि लेक म्हणतो, "आई, मी मीटिंगमध्ये आहे."